छातीचं हाड

नाताळ तर होऊन गेला, ड्युटीवरच.
सव्वीसला सुपरमार्केटच्या फ्रीजरात एकच टर्की उरली होती,
अर्ध्या किमतीत, सहा किलोची,
पाय बांधलेली, दगडासारखी.
दोन दिवस ती आमच्या न्हाणीत बादलीभर पाण्यात वितळत राहिली
आणि ओमना आंघोळीला मारिसेलच्या खोलीत जात राहिली.

ओव्हनचं दार तिच्यावर मिटेना.
एकदा पाय बाहेर, एकदा छाती.
शेवटी म्हटलं, हिला सपाट करू,
गच्चीवर नेऊ, कोळशावर घालू.
ओमना म्हणाली, दुल्सिन, ऑर्थोची तू, तूच काप.

पालथी घातली. शेपटाकडून मानेकडे
कण्याच्या दोन्ही अंगांनी कात्री चालवली.
प्लास्टर कापायची, वॉर्डातून बाद झालेली,
तीनदा उकळलेली; उगाच तोंडं वाकडी करू नका.
बरगड्या तुटत गेल्या
वाळलेल्या शेंगा मोडाव्यात तशा.
कणा सुपासाठी बाजूला ठेवला.
मग तिला उताणी केली,
तळव्यावर तळवा, कोपरं ताठ,
आणि खांद्यांचं सगळं वजन
छातीच्या हाडावर दिलं.

कट्.

हा आवाज माझ्या ओळखीचा.
चोवीसची रात्र, बेड नऊ,
परांचीवरून पडलेला माणूस.
मिस्साची वेळ होती. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी
मोबाइलवर घंटा लावल्या होत्या,
मी मोजत होते, तीसपर्यंत,
मग पुन्हा एकपासून.
बरगडी मोडली तर मोडू दे, असं शिकवतात आम्हाला,
बरगडी जुळते.
चाळीस मिनिटं.
त्याच्या उशीखाली काजूची पुडी निघाली,
चार काजू उरलेले.
मनगटात अजून कळ आहे.

ओमनाला हे सांगितलं नाही.
ती बाटली मसाला शोधत होती,
गासच्या मावशीनं तीन मोज्यांत गुंडाळून धाडलेला.
त्यात इथलं काळं वाळलेलं लिंबू कुटून घातलं,
लसूण, व्हिनेगर, मीठ हाताला येईल तेवढं,
आणि कातडीखाली बोटं सारून
आतपर्यंत चोळलं.

मुहर्रकच्या गच्चीवर शमाल वाहत होता.
डिशच्या छत्र्या थरथरत होत्या.
वॉचमन शफिकुलनं अर्धं पिंप आडवं मांडलं,
निखारे दोन्ही काठांना, मधे पाण्याचं ताट,
चरबी त्यातच ठिबकावी, भडका उडू नये म्हणून.
तंगड्या विस्तवाकडे, छाती लांब:
छाती लवकर सुकते, तंगडीला वेळ लागतो.
झाकण नव्हतं. घमेलं पालथं घातलं,
वर वीट.
शफिकुलनं पिशवी कचऱ्यातून काढून चष्म्यानं वाचली.
ब्राझील. हलाल.
मग तो खुर्ची घेऊन आला.

धूर आधी सगळ्यांच्या डोळ्यांत गेला,
नंतर विमानतळाकडे.
एक विमान इतकं खालून गेलं की मारिसेल म्हणाली,
पायलटला वास आला असणार.
दीड तासानं मांडीत सुरी खुपसून पाहिली.
पाणी स्वच्छ, गुलाबी नाही.
कातडी तांब्याच्या हंड्यासारखी,
एका बाजूला करपलेली; तो वाऱ्याचा वाटा.

उतरवली आणि सांगितलं,
आता वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही,
रस आत फिरू दे.
ओमना शिवी हासडून भात आणायला गेली.
मी पाटाशेजारी बसले, हात मांडीवर.
वीस मिनिटं काही न करणं
मला जमत नाही.
दोनदा घड्याळ बघितलं.
एकदा, कुणी बघत नाही असं पाहून,
तिच्या छातीवर तळवा ठेवला. गरम होती.

रात्री कण्याचं सूप थर्मासात भरून नेलं.
बेड नऊवर आता एक नेपाळी पोरगा आहे,
घोटा मोडलेला, नुसता भुकेला.
पेला दोन्ही हातांत धरून त्यानं विचारलं,
सिस्टर, कोंबडी?
हो म्हटलं.
जवळजवळ.